योगरत्नाकर कोणत्या कपाटात?

वैद्याच्या संग्रही दोन कपाटे असतात. एक औषधांचे आणि दुसरे ग्रंथांचे. औषधांच्या कपाटात आसवारिष्टांच्या बाटल्या खालच्या फळीवर, चूर्णे मधल्या फळीवर, रसकल्प वरच्या कुलूपबंद खणात अशी काही ना काही व्यवस्था प्रत्येकाने लावलेली असते, आणि ती विस्कटली तर दुसऱ्याच दिवशी रुग्णांच्या गर्दीत तिचे मोल कळते. ग्रंथांच्या कपाटाबाबत मात्र आपण उदासीन असतो. विद्यार्थिदशेतील पाठ्यपुस्तके, गुरुजनांनी दिलेल्या संहिता, परिषदांतून मिळालेल्या स्मरणिका, औषध कंपन्यांच्या पुस्तिका, सर्व एकावर एक. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे कपाट आहे. ग्रंथालयांत पुस्तके कोणत्या तत्त्वाने मांडली जातात, त्या मांडणीत आयुर्वेदाच्या वाट्याला कोणती जागा आली आणि त्या जागेचे परिणाम काय झाले, याचा विचार वैद्यवर्गाने फारसा केलेला नाही.

ढाणकीसारख्या गावी राहून व्यवसाय करणाऱ्यास एखादा ग्रंथ पाहावयाचा झाल्यास उमरखेड, पुसद किंवा पैनगंगा ओलांडून नांदेड अशी वाट धरावी लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका वाचनालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) मला योगरत्नाकराची जुनी प्रत हवी होती. दाखल नोंदवहीत ग्रंथाची नोंद होती, आयुर्वेदाच्या कपाटात ग्रंथ नव्हता. तासाभराने तो मिळाला, 'योग व व्यायाम' असे लिहिलेल्या कपाटात, सूर्यनमस्कारांवरील दोन पुस्तकांच्या मध्ये. मग कुतूहलाने अधिक शोध घेतला तेव्हा रसरत्नसमुच्चय काव्यशास्त्राच्या फळीवर आढळला. वाचून हसू येईल, परंतु ज्याने ती पुस्तके तेथे ठेवली त्याची त्यात चूक म्हणावी इतकी चूक नाही. 'योग' म्हणजे औषधी कल्प आणि 'रस' म्हणजे पारद हे अर्थ आपल्या शास्त्राच्या घरातील. घराबाहेरच्या सुशिक्षितास 'योग' म्हटल्यावर पतंजली आणि 'रस' म्हटल्यावर शृंगार-वीर आठवणारच. खेदाची गोष्ट वेगळीच होती. दोन्ही ग्रंथांच्या मागील देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही तारीख पडलेली नव्हती. ग्रंथ विकत घेतलेले होते, नोंदलेले होते, वाळवीपासून राखलेलेही होते. आणि तरीही ज्यांच्यासाठी घेतले त्यांच्या दृष्टीने ते नव्हतेच.

आपल्याकडील लहान वाचनालयांत पुस्तके लावण्याची रूढ रीत साधी आहे. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन असे वाङ्मयप्रकार पाडावयाचे आणि प्रत्येक प्रकारात दाखल क्रमांकाने पुस्तके ओळीने ठेवावयाची. ललित वाङ्मयासाठी ही रीत पुरेशी आहे. वाचक 'नवी कादंबरी द्या' म्हणतो, शेवटची फळी पाहिली की काम झाले. शास्त्रीय ग्रंथांसाठी मात्र ती कुचकामी ठरते, कारण १९६५ साली आलेले माधवनिदान आणि १९९८ साली आलेली त्याची मधुकोश टीका यांच्यामध्ये तेहतीस वर्षांची अन्य पुस्तके उभी राहतात. ग्रंथ कधी आला हे त्याच्या जागेवरून कळते. तो कशाविषयी आहे हे कळत नाही.

युरोप-अमेरिकेतही एके काळी याहून फार वेगळी स्थिती नव्हती. पुस्तकाचा क्रमांक म्हणजे खोली, कपाट, फळी आणि त्या फळीवरील स्थान. कपाट हलविले की क्रमांक बदलावयाचा, फळी भरली की नव्या पुस्तकास त्याच्या भावंडांपासून दूर जावे लागावयाचे. अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेलविल ड्यूई या चोवीस वर्षांच्या तरुणाने १८७६ साली एक लहानशी, चव्वेचाळीस पृष्ठांची पुस्तिका स्वतःचे नाव न घालता प्रसिद्ध केली आणि ही अडचण सोडविली. त्याची युक्ती अशी की, क्रमांक फळीला द्यावयाचा नाही, ग्रंथाच्या विषयाला द्यावयाचा. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येक वर्गाचे दहा विभाग, विभागाचे दहा उपविभाग आणि पुढे दशांश चिन्ह देऊन हवे तितके सूक्ष्म भेद. ६१५ आणि ६१६ यांच्या मध्ये ६१५.५ बसते, ६१५.५ आणि ६१५.६ यांच्या मध्ये ६१५.५३ बसते. नवा ग्रंथ आला की तो आपल्या नातलगांत जाऊन उभा राहतो, बाकीचे थोडे सरकतात, कोणाचाही क्रमांक बदलत नाही. कपाटे हलवा, इमारत बदला, ग्रंथांचा परस्परक्रम तोच राहतो. विषयाच्या या वर्गांकाला ग्रंथकाराचे चिन्ह जोडले की पुस्तकाच्या पाठीवर दिसणारा बोधांक तयार होतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांत आपण सर्वांनी तो पाहिलेला आहे, वाचलेला क्वचितच.

हे दहा वर्ग एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट देशातील महाविद्यालयासाठी पाडलेले होते, आणि त्याच्या खुणा पुष्कळ काळ टिकल्या. इंग्रजी साहित्याला ८२० पासूनचा सबंध विभाग मिळाला. मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकावर, म्हणजे 'उर्वरित भाषा' या गटातील एका उपशाखेच्या उपशाखेत. ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचे सारे मराठी काव्य त्या दशांशानंतरच्या दोन अंकांत मावते. वैद्यकाचा विभाग ६१० चा. त्यात ६११ शारीररचना, ६१२ शारीरक्रिया, ६१३ वैयक्तिक आरोग्य, ६१४ सार्वजनिक आरोग्य, ६१५ औषधे व उपचार, ६१६ रोग, ६१७ शल्य, ६१८ स्त्रीरोग, प्रसूती व बालरोग.

आता या घरात आयुर्वेद कोठे राहतो ते पाहावे. दशांश पद्धतीच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याला ६१५.५३८ हा क्रमांक मिळाला. म्हणजे औषधे व उपचार या उपविभागात, उपचार या शाखेत, 'उपचाराच्या विविध पद्धती' या फांदीवर. शेजारी ६१५.५३२ वर होमिओपॅथी, ६१५.५३३ वर ऑस्टिओपॅथी, ६१५.५३४ वर कायरोप्रॅक्टिक, ६१५.५३५ वर निसर्गोपचार. शेजाऱ्यांविषयी तक्रार नाही. प्रश्न घराच्या आकाराचा आहे. ज्या शास्त्राचे आठ अंग सांगितले गेले, ज्याने स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे प्रयोजन आधी आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन नंतर मांडले, ते शास्त्र येथे एक उपचारपद्धती म्हणून उभे आहे.

याचा व्यावहारिक परिणाम वर्गीकरण करणाऱ्या ग्रंथपालाच्या मेजावर दिसतो. त्याच्यासमोर शालाक्यतंत्रावरील ग्रंथ आला. तो ६१५.५३८ या क्रमांकावर द्यावा की नेत्ररोगांच्या ६१७.७ या क्रमांकावर? कौमारभृत्य आयुर्वेदात ठेवावे की बालरोगांच्या ६१८.९२ मध्ये? स्वस्थवृत्त ६१३ मध्ये गेले तर ते आहार-व्यायामाच्या लोकप्रिय पुस्तकांत हरवते. निघंटु तर तीन ठिकाणी जाऊ शकतो: आयुर्वेदात, वनस्पतिज औषधांत किंवा वनस्पतिशास्त्रातील औषधी वनस्पतींत. प्रत्येक निर्णयाला आधार आहे आणि प्रत्येक निर्णयाने काही तुटते. एकत्र ठेवले तर आयुर्वेदाची फळी म्हणजे शे-दोनशे ग्रंथांची एकच सरमिसळ होते. विखुरले तर आयुर्वेद कोठेच सलग दिसत नाही. माझे मत विचाराल तर सरमिसळ पत्करावी. सरमिसळीत निदान हात घालून शोधता येते.

या अडचणीचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. पुस्तक ही वस्तू एका वेळी एकाच जागी उभी राहू शकते. त्यातील विषय अनेक असू शकतात. आपल्या वाचकांस ही अडचण नवी वाटण्याचे कारण नाही, कारण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या, षड्विरेचनशताश्रितीय अध्यायात ती अगदी याच स्वरूपात आलेली आहे. तेथे पन्नास महाकषाय सांगितले, प्रत्येकी दहा द्रव्ये धरून पाचशे कषाय झाले. त्यावर अग्निवेश शंका घेतो की, ही पाचशेची संख्या भरत नाही, कारण तीच ती द्रव्ये निरनिराळ्या महाकषायांत पुन्हा पुन्हा येतात. शंका हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड आहे. एकटी गुडूचीच पाहा. ती तृप्तिघ्न महाकषायात आहे, स्तन्यशोधनात आहे, तृष्णानिग्रहणात आहे, दाहप्रशमनात आहे आणि अमृता या नावाने वयःस्थापनातही आहे. आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा की, एकच माणूस अनेक कामे करू शकतो आणि जे काम तो करीत असेल त्या कामाचे नाव त्यास मिळते. द्रव्यांचेही तसेच आहे. आणि सर्व कर्मे करणारे एकच द्रव्य सापडले असते तर बाकीची शिकण्या-शिकविण्याचे कष्ट कोणी घेतले असते, असेही ते विचारतात.

ग्रंथालयशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अग्निवेश फळीचा हिशेब मांडत होता आणि आत्रेय तालिकेचा. कोठीत गुडूचीचे पोते एकच. ज्ञानात तिची स्थाने पाच. ग्रंथालयांनीही पुढे हेच केले. ग्रंथ एका जागी ठेवावयाचा, मात्र त्याची तालिकापत्रे अनेक करावयाची: ग्रंथकाराच्या नावाचे एक, ग्रंथनामाचे एक, टीकाकाराचे एक आणि जितके विषय तितकी विषयपत्रे. जुन्या ग्रंथालयांतील लाकडी खणांची ती तालिका ज्यांनी वापरली त्यांना तिचा पिवळसर पत्रांचा वास आठवत असेल. आता ती संगणकात गेली. तत्त्व बदललेले नाही.

याच अडचणीचा सर्वांत खोल विचार एका भारतीयाने केला. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे मूळचे गणिताचे अध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा मुलांचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, आणि जोडणी बदलली की कधी पूल, कधी गाडी. विषयही असेच सुट्या घटकांतून जुळवावेत, सर्व विषयांची तयार यादी करण्याचा हव्यास सोडावा, असे त्यांस सुचले. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. घटक जोडण्यास त्यांनी प्रथम अपूर्णविराम वापरला म्हणून हे नाव. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

या पद्धतीचे एक उदाहरण ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते, आणि सुदैवाने ते वैद्यकातीलच आहे: १९५० च्या दशकात भारतात फुफ्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी केलेल्या चिकित्सेविषयीचे संशोधन. त्याचा वर्गांक असा बांधला जातो: 'एल' म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुफ्फुस, ४२१ म्हणजे क्षय, ६ म्हणजे चिकित्सा, २५३ म्हणजे क्ष-किरण, 'एफ' म्हणजे संशोधन, ४४ म्हणजे भारत आणि 'एन५' म्हणजे ते दशक. अधिष्ठान, व्याधी, चिकित्सा, साधन, देश, काल. हा क्रम वाचताना कोणाही वैद्यास आपण रुग्णपत्रक वाचीत आहोत असा भास व्हावा. प्रत्येक विषयाचे पाच मूलभूत पैलू असतात, व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, देश आणि काल, असे रंगनाथनांचे प्रतिपादन आहे. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय या षट्पदार्थांवर ज्यांचे शिक्षण सुरू झाले त्यांना ही विचाराची रीत परकी वाटणार नाही.

द्विबिंदू पद्धतीत आयुर्वेदाला 'एलबी' असे चिन्ह आहे. 'एलसी' सिद्ध, 'एलडी' युनानी, पुढे 'एलएल' होमिओपॅथी, 'एलएम' निसर्गोपचार. दशांश पद्धतीशी फरक असा की, येथे आयुर्वेद उपचारांच्या फांदीवर लटकलेला नाही. वैद्यकाची ती एक सबंध प्रणाली आहे आणि 'एलबी' च्या पुढे तेच अवयव, तेच रोग, तीच निदान-चिकित्सेची चिन्हे जोडता येतात. शालाक्याचा ग्रंथ आयुर्वेदातही राहतो आणि नेत्ररोगाचाही राहतो. तत्त्वतः ही मांडणी आपल्याला अधिक न्याय देणारी आहे यात मला शंका नाही. व्यवहारात मात्र तिची पीछेहाट झाली. लांबलचक वर्गांक पुस्तकाच्या पाठीवर मावत नाहीत, आवृत्तीगणिक चिन्हे बदलत गेली, आणि सातवी आवृत्ती रंगनाथनांच्या पश्चात १९८७ साली निघाली ती अपुरीच राहिली. भारतातीलही बहुसंख्य ग्रंथालये आज दशांश पद्धतीच वापरतात. सोपी गोष्ट चांगल्या गोष्टीवर मात करते हे काष्ठौषधींच्या व्यवसायात असणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

रंगनाथनांच्या आधी, मराठी राज्यकर्त्याच्या आश्रयाने झालेला एक प्रयत्नही येथे नोंदविला पाहिजे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. त्याने बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयासाठी ड्यूई आणि कटर या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून स्वतंत्र वर्गीकरण बसविले. पेट्यांतून खेडोपाडी फिरणारी ग्रंथालये हा त्या चळवळीचा लोकांना आठवणारा भाग.

आपल्या शास्त्राची स्वतःची मांडणी नव्हती काय? होती, आणि एक नव्हे. चरकांनी द्रव्ये कर्मानुसार लावली. सुश्रुतांनी सदतीस गण केले आणि गुडूचीच्या नावाने एक गणच योजला. भावमिश्रांनी हरीतक्यादि, कर्पूरादि, गुडूच्यादि असे वर्ग केले. शार्ङ्गधरांच्या मध्यम खंडात स्वरस, क्वाथ, फांट, हिम, कल्क, चूर्ण, गुटिका, अवलेह, स्नेह, संधान अशी कल्पनेनुसार मांडणी आहे. १९७८ साली निघालेल्या 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया'च्या पहिल्या भागातील ४४४ कल्प याच धोरणाने, आसवारिष्टांपासून आरंभ करून लावलेले आहेत, आणि आपल्या फार्मसी-चालकांच्या फळ्याही बहुधा तशाच असतात. रोगांच्या बाबतीत माधवकरांचा क्रम: ज्वर, अतिसार, ग्रहणी, अर्श, अग्निमांद्य, कृमी, पांडू, रक्तपित्त, राजयक्ष्मा, कास. वृंदाने सिद्धयोगात हाच क्रम धरला, चक्रदत्ताने तोच धरला, आणि म्हणून आजही अभ्यासू वैद्य चक्रदत्तातील पांडुचिकित्सा अनुक्रमणिका न पाहता काढू शकतो. वाचकाच्या मुखोद्गत असलेला क्रम फळीवर उतरविणे यासारखी सोयीची दुसरी मांडणी नाही.

हस्तलिखितांच्या संग्रहांत या परंपरेचा मान राखला गेला. तंजावरच्या मराठी राजांच्या सरस्वती महालातील संस्कृत हस्तलिखितांची विषयवार सूची बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने तयार केली, ती १८८० च्या सुमारास छापली गेली. दुसरे सरफोजी राजे यांना वैद्यकाची किती आस्था होती हे आपण जाणतोच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील शासकीय हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचा सोळावा खंड हाती घ्यावा. हरदत्त शर्मा यांनी सिद्ध केलेला त्याचा पहिला भाग १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या मुखपृष्ठावर विषय म्हणून एकच शब्द आहे, वैद्यक. वेद, व्याकरण, धर्मशास्त्र, काव्य यांच्या पंक्तीला स्वतंत्र खंडाचा मान. तेथे शोधणाऱ्याला योगरत्नाकर योगदर्शनात शोधावा लागत नाही.

हे सारे ग्रंथपालांचे काम, वैद्याने त्यात का पडावे, अशी शंका कोणास येत असेल तर हळदीचे प्रकरण आठवावे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या व्रणरोपक उपयोगावर एकस्व दिले गेले. जखमेवर हळद दाबणे हा शोध आहे असे तेथील परीक्षकास वाटले, कारण त्याने ज्या साधनांत शोध घेतला त्यात त्यास याचा पूर्वीचा उल्लेख दिसला नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांसह बत्तीस संदर्भ सादर केले, आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. या विजयाचे वर्णन आपण व्याख्यानांतून पुष्कळ ऐकतो. त्यातील अप्रिय भाग असा की, ज्ञान लुप्त झालेले नव्हते, छापील होते, ग्रंथालयांत होते. परीक्षकाच्या शोधाच्या वाटेवर ते नव्हते एवढेच. त्या एका शोधवाटेच्या अभावी दोन वर्षे आणि मोठा खर्च गेला.

पुढील पाऊल अधिक महत्त्वाचे होते आणि ते वर्गीकरणाचेच होते. एकस्वांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्या काळी वनस्पतिज औषधांना मिळून एकच उपगट होता. हळद, निंब, अश्वगंधा सर्व एका खणात. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले तेव्हा प्रथम आपल्या ग्रंथांतील योगांसाठी काही हजार उपगटांचे स्वतंत्र वर्गीकरण तयार करण्यात आले. त्यात द्रव्य, कल्पना, रोग यांना चिन्हे मिळाली. या प्रयत्नाची दखल घेऊन आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या आवृत्तीत वनस्पतिज औषधांसाठी 'ए ६१ के ३६' हा स्वतंत्र गट आणि त्यात सुमारे दोनशे उपगट आले. संहितांतील व संग्रहग्रंथांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी भाषांत उतरवून परदेशी एकस्व कार्यालयांस पाहण्यास दिले गेले; युरोपीय कार्यालयाशी तसा करार फेब्रुवारी २००९ मध्ये झाला. एक खण फोडून दोनशे केल्याने जे साधले ते निषेधसभांनी साधले नसते. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी निदानांचा जो विभाग जोडला त्याकडेही याच दृष्टीने पाहावे.

'आता सर्व काही संगणकात शोधता येते, मांडणीची गरज काय?' असे तरुण वैद्य विचारतात. शोधयंत्राला नाव सांगावे लागते, आणि आपल्याकडे नावांचाच सुकाळ आहे. गुळवेल, गुडूची, अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे भेद. एका नावाने टंकलेला शोध दुसऱ्या नावाने नोंदलेला ग्रंथ दाखवीत नाही. ग्रंथालये यासाठी 'अमुक शब्दाखाली पाहा' अशी पत्रे ठेवतात. आपल्या निघंटुकारांनी पर्यायनामांचे श्लोक रचून तेच काम कित्येक शतके आधी केले. शिवाय फळीसमोर उभे राहण्याचा एक लाभ यंत्रात नाही. मागावयास गेलो एक ग्रंथ, शेजारी दिसला दुसरा, आणि उपयोगी पडला तो दुसराच, हा अनुभव मांडणी चांगली असेल तरच येतो.

फार्मसी-चालकांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. मांडणीचा प्रश्न पुस्तकाच्या बाबतीत वेळ घेतो, औषधाच्या बाबतीत जीवही घेऊ शकतो. कंपनीवार आणि त्यात नावानुसार लावलेल्या फळीवर योगराज गुग्गुळ आणि भस्मयुक्त महायोगराज गुग्गुळ, साधा सूतशेखर आणि सुवर्णयुक्त सूतशेखर हे खांद्याला खांदा लावून उभे असतात; डब्यांचा रंगही बहुधा एकच. घाईच्या वेळी हात चुकतो. वत्सनाभ, भल्लातक यांसारखी परिशिष्ट ई(१) मधील द्रव्ये असलेले कल्प निराळ्या खणात ठेवावेत, मग नावाचा क्रम मोडला तरी चालेल. सुश्रुतांनी भेषजागारात कापडी पुरचुंड्या, मातीची भांडी, फळ्या आणि खुंट्या अशा चार प्रकारे औषधे ठेवण्यास सांगितले, त्यात अक्षरानुक्रमाचा उल्लेख नाही.

आता घरच्या ग्रंथसंग्रहाविषयी. तीन-चारशे ग्रंथांसाठी ६१५.५३८ च्या मागे लागण्याचे कारण नाही. माझ्याकडे प्रत्येक संहिता आपल्या टीकांसह आणि भाषांतरांसह एकत्र आहे; चरकाजवळ चक्रपाणि, सुश्रुताजवळ डल्हण, अष्टांगहृदयाजवळ अरुणदत्त व हेमाद्रि. त्यानंतर माधवनिदान आणि चिकित्सेचे संग्रहग्रंथ. योगरत्नाकर येथेच, भैषज्यरत्नावलीच्या शेजारी. मग निघंटु व द्रव्यगुण, मग रसशास्त्र. आधुनिक काळातील एकेका विषयावरचे ग्रंथ अष्टांगांच्या क्रमाने. नियतकालिके निराळी, वर्षवार बांधून. पाठीवर रंगीत पट्टी आहे, आकडा नाही. कंपाऊंडरसुद्धा ग्रंथ जागेवर ठेवू शकतो. मात्र सोबत एक वही आहे आणि तिच्याशिवाय ही मांडणी लंगडी झाली असती. त्या वहीत विषयवार पाने आहेत. आमवातावर एखाद्या स्मरणिकेत चांगला लेख वाचला, की आमवाताच्या पानावर स्मरणिकेचे नाव, वर्ष आणि पृष्ठ. एक ग्रंथ दहा पानांवर येऊ शकतो. वही भरायला रोज दोन-तीन मिनिटे लागतात. रोज जमत नाही हेही खरे.

आणि एक विनंती ज्येष्ठ वैद्यांच्या कुटुंबीयांस. वडिलांचा ग्रंथसंग्रह वाचनालयास देताना पोत्यात भरून देऊ नये. प्रत्येक ग्रंथाच्या आतील कोऱ्या पानाला एक चिठ्ठी लावावी आणि तीवर वैद्यकेतर माणसास कळेल अशा मराठीत विषय लिहावा: 'आयुर्वेद – रोगवार औषधी योग', 'आयुर्वेद – पारा व धातूंची औषधे', 'आयुर्वेद – औषधी वनस्पतींचे गुण'. शंभर ग्रंथांना एक दुपार पुरते. मोडीतील किंवा देवनागरीतील हस्तलिखित बाडे असल्यास त्यांची पाने नीटनेटकी करण्याच्या हौसेने क्रम बदलू नये, सुटी पाने जेथे सापडली तेथेच राहू द्यावीत. अनुपानाची चिठ्ठी ज्या योगाजवळ खोचलेली असते त्या योगाचीच ती असण्याचा संभव अधिक. अशा बाडांची नोंद घेण्यासाठी २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले होते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच कामासाठी 'ज्ञान भारतम्' मोहीम घोषित झाली. उमरखेड तालुक्यातील ज्या वैद्यबंधूंच्या घरी अशी बाडे असतील त्यांनी प्रथम निदान एका कागदावर त्यांची यादी करावी: बाडाचे माप, पानांची संख्या, लिपी, पहिल्या व शेवटच्या पानावरील मजकूर आणि त्यात दिसणाऱ्या रोगांची नावे, माधवाच्या क्रमाने लिहिली तर उत्तमच.